गेंटचा गुरुवार

“ताई, सगळा जन्म शाकाहारात काढला आणि तिथं जाऊन मी मांसाहारी ठरले बघा.”

वहिनींनी हे वाक्य कुंपणावरून अशा खणखणीत आवाजात टाकलं, की ओसरीवर वाती वळत बसलेल्या आमच्या आत्याबाईंनी कान टवकारले. एरवी त्यांना तीन हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत.

“काय खाल्लंत?” मी विचारलं.

“खातेय कुठली! चहा प्यायले. दुधाचा.”

वहिनी लेकीकडं गेंटला जाऊन आल्यात. बेल्जियममधलं शहर. लेक तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते. विमानाचा शीण उतरल्यापासून रोज संध्याकाळी झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं त्या कुंपणाशी येतात. पाणी जास्वंदीला, बातम्या मला.

आता हे समजून घ्यायला हवं की वहिनींच्या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं नाही. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. रविवारी आमच्यात तांबडा-पांढरा रस्सा शिजायला लागला की त्या इकडची खिडकी लावून घेतात आणि सोमवारी सकाळी विरजण मागायला येतात. इतका आमचा जुना सलोखा. अशा बाईला परमुलखात मांसाहारी ठरवायचं म्हणजे हद्द झाली.

“लेकीच्या मैत्रिणी जेवायला आलेल्या. सगळ्या व्हेगन. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. एकीनं विचारलं, तुझी आई पण आपल्यातलीच ना? तर आमची म्हणते, नाही गं, आई अजून दूध घेते. ‘आमचे बाबा अजून घेतात’ म्हणावं ना, तो सूर!”

आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

“पण शहर मोठं शिस्तीचं हो. गुरुवार पाळतात.”

“कुणाचा?” आत्याबाई.

“दत्ताचा नव्हे आजी, पालिकेचा.”

मला आधी वाटलं, वहिनी काहीतरी चढवून सांगतायत. पण गोष्ट खरी आहे. मे 2009मध्ये गेंट शहरानं जाहीर केलं, की दर गुरुवार हा शाकाहाराचा वार. एखाद्या शहरानं असं अधिकृतपणे ठरवायची जगातली ती पहिलीच वेळ. शाकाहाराचा प्रचार करणारी ‘ईव्हा’ नावाची संस्था तिथलीच, ती मागं लागली आणि पालिकेनं मनावर घेतलं. आधी नगरसेवक आणि पालिकेचे नोकर, मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून पालिकेच्या शाळांतलं दुपारचं जेवण. गुरुवारी पोराच्या ताटात भाजीच येणार. आईबापांनी मुद्दाम सांगितलं तरच मांस. हॉटेलवाल्यांनी त्या दिवशी निदान एक तरी बिनमांसाचा पदार्थ ठेवावा, असा आग्रह. सक्ती कुणावर नाही, दंड नाही. कारण काय, तर मांसापायी जमीन, पाणी आणि चारा फार खर्ची पडतो, हवा तापते, तब्येतीलाही जास्त मांस बरं नव्हे. आणि जनावरं जगतात.

“सुरुवातीला लोक हसले असतील,” मी म्हटलं.

“हसले ना. पण आता कुणाला त्यात विशेष वाटत नाही. लेक सांगत होती, तिच्या विद्यापीठातल्या कँटीनला गुरुवार सोडून इतर वारीसुद्धा ढीगभर भाज्या असतात.”

मला या गुरुवारात जरा जास्तच रस. सून म्हणून या घरात आले तेव्हापासून मी गुरुवार धरते, सोमवार धरते, श्रावण धरते. आमचं कोल्हापूर तर आठवड्याचा हिशेबच मटणावर लावतं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खायचे वार, खाटकाच्या दुकानापुढं रांग लागते. बाकीच्या वारी तोच माणूस कपाळाला गंध लावून भेटतो. ‘आज खायचा वार नाही’ एवढं म्हटलं की विषय संपला. त्याच्यापुढं कुणी वाद घालत नाही.

म्हणून मी वहिनींना सांगून टाकलं. “हे बघा, रागावू नका, पण गेंटचा गुरुवार तुमच्यासाठी नाहीच. तो आमच्यासाठी आहे. जो खातच नाही, त्यानं सोडायचं काय?”

वहिनींनी पाण्याची नळी दुसऱ्या हातात घेतली. जास्वंदीच्या बुडात तळं झालं होतं.

“खरंय,” त्या म्हणाल्या. “आणि दुसरं एक खरंय. तिथं मला कुणी विचारलं नाही की तुम्ही का खात नाही. आपल्यात ‘तुम्ही खाता का हो?’ म्हणजे नुसतं खाण्याचं विचारलेलं नसतं ना. आडनाव विचारायच्या ऐवजी विचारतात. मागच्या साली आमची वरची खोली भाड्यानं द्यायची होती, तेव्हा मी तरी दुसरं काय विचारलं?”

यावर मी काही बोलले नाही. त्या खोलीसाठी मीच एक मुलगी पाठवली होती. गुणी पोरगी, बँकेत नोकरी. ती आता शाहूपुरीत राहते. असो.

“बरं, जेवायला काय मिळतं तिथं? नुसता पाला?”

“पाला कसला! मला तर वैताग आला त्या नकली मांसाचा. लेक म्हणे, आई खाऊन बघ, अगदी मांसासारखं लागतं. मी म्हटलं, बाई, मांस कसं लागतं तेच मला ठाऊक नाही, मी ओळखणार कशावरून?”

ते नकली मांस म्हणजे सेइतान. गव्हाचं. वहिनींनी स्वयंपाकघरात उभं राहून लेकीकडून ते करवून बघितलं आणि कुंपणावरून मला हातवारे करून दाखवलं. पिठाचा घट्ट गोळा मळायचा, मुरू द्यायचा आणि मग गार पाण्यात चोळत चोळत धुवायचा. पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. शेवटी हातात रबरासारखा चिवट गोळा राहतो. तो मसाल्याच्या पाण्यात उकळायचा. वहिनींचा जीव त्या ओतून दिलेल्या पाण्यात अडकलेला. “ताई, सगळा चीक मोरीत गेला! आपण कुरडयांना चीक ठेवतो आणि चोथा टाकतो, हे बरोबर उलटं. त्या चिकात माझ्या शंभर कुरडया झाल्या असत्या.”

पण या सेइतानचा त्यांनी खाल्लेला एक प्रकार मी मात्र कान देऊन ऐकला, कारण त्यात रस्सा होता. तिथलं खास जेवण म्हणजे स्तोव्हरै. मुळात ते गोमांसाचं, काळ्या बिअरमध्ये मंद आचेवर तासन् तास शिजवलेलं. हल्ली तेच सेइतान आणि अळंबी घालून करतात. कांदा तांबूस होईस्तोवर परतायचा, बिअर ओतायची, तमालपत्र टाकायचं. आणि मग पावाची एक जाड स्लाइस घ्यायची, तिला मोहरीचं सणसणीत वाटण थापायचं आणि ती बाजू खाली करून रटरटत्या रश्शावर तरंगत ठेवायची. झाकण. थोड्या वेळानं बघावं तर पाव नाहीसा. विरघळून रश्शात मुरला, रस्सा आळला, वर मोहरीचा झटका आला. खोबरं नाही, तिळाचं कूट नाही, कांदा-लसणाचं वाटण नाही. आमच्या तांबड्यावर हा प्रयोग करायचं मी मनात पक्कं केलंय. घरात सांगितलेलं नाही.

“वहिनी, बिअरमध्ये शिजवलेलं तुम्ही खाल्लंत?”

“उकळून सगळं उडून जातं म्हणाली लेक.”

“आणि नसलं उडालं तर?”

“तर नसेल उडालं,” म्हणाल्या आणि नळी गुलाबाकडं वळवली.

वॉटरझोइ नावाचा दुसरा एक पांढरा रस्सा असतो, मासळीचा किंवा कोंबडीचा. साय आणि अंड्याचं पिवळं घालून केलेला. व्हेगन हॉटेलात तो अळंबी, गाजर, लीक आणि ओटच्या दुधावर निभावतात. वहिनींच्या मते तो आजारी माणसाचा. ‘ल बोतानिस्त’ नावाचं एक व्हेगन हॉटेल मात्र त्यांना पटलं. ते निघालं गेंटमध्ये आणि पुढं थेट न्यूयॉर्कला पोचलं. जुन्या औषधाच्या दुकानासारखी मांडणी, लाकडी कपाटं, आणि वाडगाभर भात, कडधान्य, भाज्या. “किंमत रुपयात करायची नाही असा लेकीनं दम दिलेला. मी केली. मग जेवण गेलं नाही.” दुपारच्याला बरं पडतं ते सूपचं दुकान. मोठा वाडगाभर सूप, जोडीला पाव आणि एखादं फळ. थंडीवाऱ्यात एवढं पोटात गेलं की संध्याकाळपर्यंत बघायला नको.

खरी पंचाईत झाली बटाट्यापाशी. बेल्जियमची माणसं फ्राइजवर जीव टाकतात. चौकाचौकांत टपऱ्या. बटाटा दोनदा तळायचा ही त्यांची रीत. आधी कमी तापलेल्या कढईत आतून शिजवायचा, काढून निवू द्यायचा आणि गिऱ्हाईक आलं की कडक तापलेल्यात दुसऱ्यांदा. म्हणून बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ. वहिनी खुशीत कागदी कोन घ्यायला पुढं झाल्या, तर लेकीनं हात धरला. टपरीवाल्याला विचारलं, तळता कशात? तो अभिमानानं म्हणाला, बैलाच्या चरबीत. जुनी चव तीच, असं तिथल्या खवय्यांचं ठाम मत.

“म्हणजे बटाटा शाकाहारी, कढई मांसाहारी!” आत्याबाई.

“हो ना आजी. वाटाण्याएवढा संशय आला तरी मी ताट बाजूला सारणारी बाई. आणि कोन हातात यायला एवढंच अंतर राहिलेलं.” वहिनींनी दोन बोटांत अंतर दाखवलं. “मग लेकीनं तेलात तळणारी टपरी शोधून दिली. दोघी उभ्यानं खाल्लं.”

मग निघाली मंडई. ग्रूनतेनमार्क्ट, म्हणजे भाजीबाजाराचा चौक. आणि या भाजीबाजाराच्या एका अंगाला लांबलचक दगडी इमारत, पंधराव्या शतकातला खाटीकखाना. कितीतरी वर्षं त्याच्या लाकडी तुळयांना डुकराच्या तंगड्या मीठ लावून वाळत टांगलेल्या असायच्या. गेंटचा स्वभाव या एका चौकात कळतो, असं माझं मत झालं. गुरुवारही पाळायचा आणि तंगड्याही टांगायच्या. आम्हाला हे परकं नाही.

त्याच चौकात तीरेन्तेन-फेरलेंट यांचं मोहरीचं दुकान आहे, पाटीवर साल 1790. मोठ्या लाकडी पिंपातून पळीनं मोहरी काढून बरणीत भरून देतात. टिकवायची औषधं घातलेली नसतात, म्हणून थंडीत ठेवायची. वहिनींनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली आणि नाकातून कपाळापर्यंत असा काही झणका गेला की दुकानातल्या बाईनं खुर्ची दिली. एक बरणी बॅगेतून आलीय. माझ्या स्तोव्हरैची सोय झाली.

बाहेर हातगाड्यांवर जांभळ्या टोकदार गोळ्या विकतात, क्युबरडॉन. आकार नाकासारखा म्हणून गावातली माणसं त्यांना नाकच म्हणतात. वरून कडक, आत पातळ सरबत. फार दिवस टिकत नाहीत, आतलं सरबत साखरून बसतं, म्हणून लांब पाठवत नाहीत. वहिनींना त्यातला डिंक आवडला. लेकीनं आधी विचारून घेतलं होतं, कारण कुठं डिंक घालतात, कुठं जिलेटिन, आणि जिलेटिन म्हणजे पुन्हा जनावरच. पण खरी बातमी निराळी. शेजारी शेजारी उभ्या दोन नाकगाड्यांचं एवढं भांडण जुंपलं होतं, की प्रकरण पालिकेपर्यंत गेलं आणि दोघांनाही काही काळ गाडी लावायला बंदी झाली. “नाकावरून भांडले!” असं म्हणून वहिनी स्वतःच हसत सुटल्या.

हे चाललेलं असताना आत्याबाईंच्या वाती संपल्या. त्यांनी विचारलं, “देवळं बघितलीस का नुसती खातच फिरलीस?”

“बघितलं ना. सेंट बाव्होचं मोठं चर्च. आणि त्यात ते कोकरू.”

इथं वहिनींनी नळ बंद केला. म्हणजे गंभीर.

त्या चर्चमध्ये व्हॅन आइक बंधूंचं चित्र आहे, 1432 साली पुरं झालेलं. थोरल्या ह्यूबर्टनं सुरू केलं, तो वारला, मग धाकट्या याननं पुरं केलं. लाकडी फळ्यांवर तैलरंग, कपाटासारखी दारं उघडतात. मध्यभागी हिरवंगार कुरण, चहूबाजूंनी भक्तांचे थवे येतायत. आणि मधोमध वेदीवर एक पांढरं कोकरू उभं. छातीतून रक्ताची धार लागलीय, ती समोरच्या प्याल्यात पडतेय. ख्रिस्ताच्या बलिदानाची ती खूण.

“रक्त बघून मी मान फिरवणार होते ताई. पण त्या कोकराचे डोळे. ते आडवं बघत नाही हो जनावरासारखं. दोन्ही डोळे समोर. सरळ आपल्याकडं. जसं काही आपलं नाव घेऊन विचारतंय.”

या डोळ्यांची कथा अशी. साधारण 1550च्या सुमारास कुणी चित्रकारांनी मूळ कोकरावर रंग चढवून त्याचं साधंसुधं मेंढरू करून टाकलं. चारशे वर्षं लोकांनी तेच बघितलं. 1950च्या सुमारास थोडी सफाई झाली, तेव्हा खालचे मूळ कान वर आले, पण वरचे रंगवलेले कान कुणी काढले नाहीत. त्यामुळं पुढची कित्येक दशकं ते कोकरू चार कानांचं होतं! मग 2012पासून मोठं काम हाती घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघत बारीक शस्त्रानं वरचा थर खरवडून काढला आणि 2019च्या अखेरीस खालचा खरा चेहरा जगाला दिसला. माणसासारखा. जगभरच्या लोकांनी त्याची टर उडवली, फोनवर चित्रं फिरली. वहिनी म्हणतात, टर उडवणाऱ्यांनी तिथं जाऊन उभं राहावं.

मला मटण चिरताना एवढी वर्षं कुणी असं बघितलेलं नाही, किंवा बघितलं असेल तर माझं लक्ष नव्हतं. मी तेवढ्यापुरती गप्प बसले. आत्याबाई म्हणाल्या, “जत्रंतला बकरा असाच बघतोय.” आणि आत निघून गेल्या, दिवा लावायला.

त्या गेल्या म्हणून वहिनींनी आवाज उतरवला. “चोरी ऐकलीत का?”

एप्रिल 1934. रात्रीत चर्चमधून याच चित्राचे दोन फलक गेले. चोरानं दहा लाख फ्रँक मागितले. माल आपल्याकडं आहे हे पटवायला एक फलक ब्रसेल्सच्या रेल्वे स्टेशनवरच्या सामानघरात ठेवून पावती पाठवली. दुसरा, न्यायी न्यायाधीशांचा, दिलाच नाही. त्याच साली नोव्हेंबरात शेअर बाजारातला एक दलाल मरणाच्या दारात पडला असताना वकिलाला म्हणाला, तो कुठं आहे हे मला एकट्यालाच ठाऊक आहे. एवढं म्हटलं आणि गेला. फलक आजतागायत सापडलेला नाही, तिथं नक्कल बसवलीय. त्याआधी याच चित्राचे मधले फलक फ्रेंचांनी पळवले होते, कडेचे फलक बर्लिनला विकले गेले होते, आणि पुढं दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या माणसांनी उरलेलं सगळं नेऊन ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत दडवलं होतं. सगळीकडून परत आलं. फक्त आपल्याच देशातल्या माणसानं दडवलेलं आलं नाही.

“घरच्यानं ठेवलेलं कुठं सापडतंय!” मी म्हटलं. आमच्या सासऱ्यांनी पुतळ्यांची माळ कुठं ठेवली होती, हा प्रश्न आमच्यात अजून चालू आहे.

चित्रं चर्चमध्येच आहेत असं नाही. गावात एक बोळ आहे, व्हेरेगारेनस्त्राट. भिंतीवर काहीही रंगवा, कुणी धरत नाही. मुळात जुलैतल्या गेंटच्या दहा दिवसांच्या जत्रेपुरती मोकळीक दिलेली, ती कायमचीच झाली. आज कुणी जीव ओतून वाघ काढावा, उद्या त्याच्यावर दुसऱ्यानं आपलं नाव लिहावं. कुणी कुणाकडं तक्रार न्यायची नाही. जमीन, भिंती, पन्हाळी, वाट्टेल तिथं रंग. तिथलाच एक रोआ नावाचा चित्रकार आहे, तोंड दाखवत नाही. तो घराच्या आख्ख्या भिंतीएवढे ससे आणि उंदीर काळ्या-पांढऱ्या रंगात काढतो, एकेक केस दिसतो. जगभरच्या शहरांत त्याच्या भिंती आहेत. वहिनींनी फोनवर फोटो दाखवला. झोपलेले ससे, एकावर एक. मी म्हटलं, आपले आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठाला राहून रंगवत बसायचे, त्यांना तरी एवढी भिंत कुणी दिली?

चालणं मात्र गेंटमध्येच करावं. 2017च्या एप्रिलपासून गावाच्या मधल्या भागातून मोटारींना आडवं जाताच येत नाही, वळसा घालून बाहेरच्या रस्त्यानं जावं लागतं. म्हणून पायी माणसं, सायकली आणि ट्राम. फरशी सगळी दगडी गोट्यांची, वहिनींच्या गुडघ्यांनी तिची नोंद घेतलीय. सेंट मायकेलच्या पुलावर उभं राहिलं की तीन मनोरे एका ओळीत येतात. खाली उतरलं की लैये नदीचे दोन घाट, ग्रासलै आणि कोरेनलै, पायऱ्यापायऱ्यांच्या कपाळाची जुनी घरं पाण्यात उतरलेली. हा एके काळचा धान्याचा धक्का. वाटेनं धान्य घेऊन जाणाऱ्या प्रत्येक होडीला चौथा हिस्सा गेंटमध्ये उतरवावाच लागायचा. दोन भल्या घरांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखं एक इवलंसं घर आहे, 1682 सालचं जकातनाकं. जकातनाकं लहान आणि वसुली मोठी.

पुढं काउंटचा किल्ला, 1180 सालचा, खंदक आणि बुरूज असलेला. त्यावर शेवटची स्वारी झाली ती 16 नोव्हेंबर 1949 रोजी. शत्रू कोण, तर 138 विद्यार्थी. कारण काय, तर बिअर महागली. पोरांनी दरवाजे लावून घेतले आणि बुरुजावरून पोलिसांवर सडकी फळं फेकली.

“बघा, तिथली लढाईसुद्धा शाकाहारी,” मी म्हटलं.

बिअरचा विषय निघाल्यावर वहिनी जरा घुटमळल्या. मग सांगून टाकलं. शुक्रवारच्या बाजारचौकात एक जुनी दारूची जागा आहे, ‘दुल्ले ग्रिट’. भाऊजी आणि लेकीचा होणारा नवरा दोघं तिथं गेले. (होणारा नवरा! हे मला आजच कळलं. पण मी चेहरा सरळ ठेवला, नाहीतर गोष्ट तिथंच अडली असती.) लिटरभराहून जास्त मावेल असा एक उंच ग्लास, लाकडी घोडीवर ठेवलेला. तो लोक पळवतात म्हणून आधी पायातला एक जोडा तारण द्यायचा. तो टोपलीत घालून दोरीनं वर छताशी ओढतात. ग्लास परत केला की जोडा खाली येतो. आणि भाऊजींच्या पायात होती आपली कापशी चप्पल.

“ताई, काय सांगू, छताला सगळ्यांच्या बुटांच्या मध्ये कोल्हापुरी चप्पल लोंबतेय. अख्खी जागा बघायला उठली. ती दुसरी चप्पल हातात घेऊन एकानं शिलाई बघितली, कुठं मिळते विचारलं. यांनी त्याला महाद्वार रोड समजावून सांगितला. मराठीत.”

“आणि भाऊजी प्यायले?”

“तारण दिलेलं सोडवायला नको?”

गेंटच्या माणसांचा हा वांडपणा जुनाच. सम्राट पाचवा चार्ल्स याच गावात 1500 साली जन्मला. त्यानं लढाईसाठी कर मागितला, तर आपल्याच गावच्या पोराला हे नाही म्हणाले. 1540 साली तो सैन्य घेऊन आला आणि गावातल्या प्रतिष्ठितांना अनवाणी, नुसत्या सदऱ्यावर, गळ्यात फास अडकवून माफी मागायला चालवलं. आता जुलैच्या जत्रेत तेच लोक हौसेनं गळ्यात फासाचा दोर घालून मिरवणूक काढतात. शहराची ओळखच ती झालीय. किल्ल्यासमोरच्या ज्या चौकात पूर्वी फाशी व्हायची, तिथले रस्त्यावरचे दिवे आता मधेच हळूहळू लकाकतात. गावात बाळंतपण झालं की दवाखान्यात कळ दाबतात आणि इथं दिवे उजळतात. आल्बेर्तो गारुत्ती नावाच्या इटालियन कलावंताची ही कल्पना. वहिनी त्या चौकात बाकावर बसून बाळंतपणं मोजत होत्या. मुलगा की मुलगी हे दिव्यावरून कळत नाही, एवढी एक उणीव त्यांनी काढली.

नदीच्या काठानं बाहेर सिंट-मार्टेन्स-लातेमपर्यंतही जाऊन आल्या, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चित्रकारांची वस्ती होती तिथं. गाई, वळणं घेणारं पाणी, वाकडी झाडं. त्याबद्दल एवढंच म्हणाल्या, की छान आहे पण स्वच्छतागृह लांब आहे.

तोवर आत्याबाई दिवा लावून बाहेर आल्या होत्या.

“आता लेक मागं लागलीय,” वहिनी म्हणाल्या. “आई, आठवड्यातून एक दिवस दूध सोड. गुरुवारच धर, तुला सोपा जाईल.”

“धरा की. आम्ही मटण सोडतो, तुम्ही दूध सोडा.”

“अहो, गुरुवारी मी वाडीला जाते! दत्ताच्या दारात जाऊन पेढ्याला नाही म्हणू? आणि बासुंदी? सकाळचा चहा तर राहू द्याच.”

“मग बुधवार धर,” आत्याबाई म्हणाल्या. “बुधवारी आमच्यात मटण असतंय, तसाही त्या वासानं तुला घास जात नाही. काळा चहा पिऊन पड.”

वहिनींनी विचार केला. खरंच केला.

“त्यात लिंबू पिळलेलं चालेल?”